पंपावरील आकडा

उज्जैनच्या फ्रीगंज भागात आमच्या वडील भगिनीचे बिऱ्हाड आहे. शिंद्यांच्या अमदानीपासून त्या शहरात मराठी भाषा नांदत असल्यामुळे तेथे गेले असता आम्हांस परमुलखात आल्यासारखे वाटत नाही. भगिनीचा थोरला मुलगा एक जुनी व्हॅन चालवितो. सकाळी शाळेची मुले पोहोचवावयाची आणि दुपारी भाडे मिळाल्यास इंदूरची पंचावन्न किलोमीटरची फेरी करावयाची, ह्यावर त्याचा संसार चालतो.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आम्ही तेथे गेलो होतो. पंपावर भाच्याने साधे पेट्रोल सोडून ‘९५’ आकड्याचे महाग पेट्रोल घेतले, ह्याचे आम्हांस नवल वाटले. तो म्हणाला, “मामा, ह्याने गाडीला ताकद येते. दोन महिन्यांपूर्वी पुलाच्या चढावर इंजिन टकटक करू लागले होते. हे पेट्रोल घातले आणि आवाज बंद झाला.”

“लिटरमागे किलोमीटर वाढले काय?” आम्ही विचारले.

तो थोडा घोटाळला. वाढले नव्हते.

लिटरमागे सहा रुपये जास्त आणि आठवड्यास ३० लिटर पेट्रोल असा हिशेब धरला, तर वर्षाकाठी ९,३६० रुपये होतात. भाच्याची मुलगी तेव्हा चौथीत होती. एवढ्या रकमेत तिच्या शाळेचा बराचसा खर्च भागला असता. म्हणूनच हा प्रश्न केवळ मोटारवाल्यांचा न मानता आम्ही तो ह्या सदरात घेत आहोत. आपल्या गावीही आता घरोघरी मोटारसायकल आहे, आणि पंपावर तोच आकडा तिच्या मालकासही मोहात पाडतो.

हा आकडा आहे ऑक्टेनचा. आकडा मोठा म्हणजे पेट्रोल जोरदार, असा बहुतेकांचा समज असतो. वस्तुतः पेट्रोलमध्ये किती शक्ती आहे हे तो सांगतच नाही. दाब व उष्णता सोसून, आपल्या आपण पेट न घेता ते किती वेळ धीर धरू शकते, एवढेच तो सांगतो.

ज्यांनी शेतात राब भाजला आहे त्यांस हे चटकन उमगेल. एका कडेने आग लावली म्हणजे ती शिस्तीने पुढे सरकत जाते. पण ठिणगी उडून पलीकडची कड एकाएकी भडकली तर दोन्ही आगी समोरासमोर येतात आणि धांदल उडते. इंजिनातही असेच घडते. पेट्रोल आणि हवा ह्यांचे मिश्रण दट्ट्या दाबून धरतो, प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका बाजूने पसरू लागते. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व तापाने आपसूक पेटले, तर हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. तीच ती टकटक. ती फार दिवस चालू राहिली तर दट्ट्यास भोकही पडू शकते.

ही धीर धरण्याची शक्ती मोजण्याचे माप अमेरिकेतील ग्रॅहम एडगर ह्या रसायनशास्त्रज्ञाने १९२६ च्या सुमारास बसविले. आयसो-ऑक्टेन ह्या द्रवास १०० गुण आणि हेप्टेन ह्या उतावळ्या द्रवास शून्य. ९१ आकड्याचे पेट्रोल म्हणजे पहिल्याचे ९१ व दुसऱ्याचे ९ भाग मिसळले असता जसे वागेल तसे वागणारे. त्यापूर्वीच, १९२१ मध्ये, थॉमस मिड्ग्ले ह्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालून टकटक थांबविली होती. त्या शिशाचे विष जगभर हवेत पसरले, आणि भारतातून ते २००० साली हद्दपार झाले.

मिश्रण जेवढे अधिक दाबले जाईल तेवढा पेट्रोलचा धीर अधिक हवा. म्हणून उच्च दाबाच्या किंवा टर्बो लावलेल्या काही मोटारींना मोठ्या आकड्याचे पेट्रोल खरोखर लागते. ते न मिळाल्यास त्यांचे यंत्र स्वतःस सांभाळण्यासाठी ठिणगी उशिरा पाडते आणि जोर कमी होतो. ज्या मोटारीस साधे पेट्रोल पुरते, तिला मात्र जादा धीराचा काही उपयोग नाही. अमेरिकेतील ए.ए.ए. ह्या मोटारमालकांच्या संस्थेने २०१६ मध्ये अशा मोटारींवर प्रयोग केले, तेव्हा महाग पेट्रोलाने ना ताकद वाढली, ना इंधन वाचले. पुढल्या वर्षी त्याच संस्थेने, महाग पेट्रोल घालावे अशी निर्मात्याचीच शिफारस असलेल्या मोटारी तपासल्या. तेथे सरासरी २.७ टक्के इंधन वाचले. काही महाग पेट्रोलांत इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात हे खरे, पण तो गुण आकड्याचा नव्हे.

मग भाच्याची टकटक का थांबली होती? त्याचे उत्तर त्याच आठवड्यात मिळाले. उन्हाचा पारा चाळिशीपार गेला आणि मुलांनी भरलेली व्हॅन पुलावर चढत असता महाग पेट्रोल असूनही टकटक पुन्हा सुरू झाली. फ्रीगंजच्या टॉवरजवळ एक वृद्ध मिस्त्री बसत असत, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी रेडिएटर उघडून दाखविला. अर्धा गाळाने बुजलेला! शिवाय पूर्वी कोणा गॅरेजात ठिणगीची वेळ चुकीची, फार आधीची, लावून ठेवलेली होती.

“बेटा,” मिस्त्री म्हणाले, “ताप आलेल्याला तू दोन महिने नुसती झोपेची गोळी देत होतास.”

रेडिएटर साफ झाला, वेळ जुळविली गेली, आणि साध्या पेट्रोलवर व्हॅन निमूट चढू लागली. मिस्त्रींनी घेतलेली मजुरी महाग पेट्रोलाच्या दोन महिन्यांच्या जादा खर्चाहून कमीच भरली.

गेल्या वर्षी भाच्याचा पुन्हा फोन आला. “मामा, आता साध्या पेट्रोलचाच आकडा ९५ झाला म्हणतात. मग माझी व्हॅन चौदाऐवजी साडेतेरा किलोमीटर का जाते?”

ह्याचे कारण इथेनॉल. उसाची मळी, रस व धान्य ह्यांपासून बनणारे हे द्रव्य २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये शेकडा २० पर्यंत मिसळले जाते. त्याचा स्वतःचा ऑक्टेन आकडा १०८ च्या घरात, म्हणून मिश्रणाचा आकडा वाढतो. परंतु एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश उष्णता कमी. जुन्या घडणीच्या मोटारींना ह्या मिश्रणाने ६ ते ७ टक्के इंधन अधिक लागेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच नमूद आहे. आकडा वर गेला आणि किलोमीटर खाली आले. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे ह्याचा ह्याहून ढळढळीत पुरावा आम्ही तरी कोठून आणावा?

भाच्याकडे व्हॅनची पुस्तिका नव्हती, कारण गाडी दुसऱ्या हाताची. तसल्याच एका व्हॅनच्या मालकाकडून त्याने ती मिळविली आणि इंधनाचे पान पाहिले. तेथे साधेच पेट्रोल लिहिले होते. आता इथेनॉलमुळे रबरी नळ्या कुठे फुगल्या वा चिरल्या आहेत काय, हे तो त्याच मिस्त्रींकडून तपासून घेणार आहे.