आधीं उपसंहार, मग प्रयोग

ज्याचें नांव निघतांच घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठ्या चढतात, अशा एका खेळासंबंधीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. मोटारसायकलचें पुढचें चाक अधांतरीं उचलून केवळ मागच्या चाकावर ती चालवीत नेणें, यास तरुण मंडळी 'व्हीली' म्हणतात. शहरांतील रस्त्यांवर रात्रीच्या वेळीं हा दांडगावा करणारीं मुलें वाचकांनीं पाहिलीं असतील, आणि पाहून त्यांस संतापहि आला असेल. तो संताप योग्यच आहे. परंतु भर रस्त्यावरचा दांडगावा निराळा, आणि मोकळ्या मैदानांत लहानशा गाडीवर क्रमाक्रमानें शिकलेली विद्या निराळी. हा भेद ज्या घरांत कळत नाहीं, त्या घरांत नुसत्या 'नको' या शब्दानें काम भागत नाहीं. आमच्या शिक्षकीच्या काळांत पोहण्याची ज्यांना घरून सक्त मनाई असे, तींच मुलें नदीच्या नको त्या डोहांत उतरलेलीं आढळत. म्हणून हा खेळ काय आहे, तो कसा शिकतात, आणि त्यांत वडीलधाऱ्यांनीं काय पाहावें, हें समजून घेणें बरें.

प्रथम गाडीविषयीं. 'डर्ट बाइक' म्हणजे कच्च्या मातीवर, शेतांत वा डोंगरावर चालविण्याकरितां केलेली हलकी मोटारसायकल. रस्त्यावरच्या गाडीस लागणारे दिवे, आरसे वगैरे सरंजाम तिला सहसा नसतो. तिच्यांतील लहान जातीचें मूळ जपानांत सांपडतें. १९६१ सालीं होंडा कंपनीनें टोकियोजवळील 'तामा टेक' नांवाच्या क्रीडोद्यानांत मुलांस बसण्याकरितां एक चिमुकली मोटारसायकल ठेविली. तिचीं चाकें अवघीं ५ इंचांचीं होतीं. तिच्यावर बसलेला मोठा मनुष्य माकडासारखा दिसे, म्हणून त्या घराण्याला पुढें 'मंकी' हेंच नांव पडलें! तिचीच वंशपरंपरा पुढें मातींत धांवणाऱ्या लहान गाड्यांत उतरली. आज त्याच कंपनीची ५० सी. सी. ची डर्ट बाइक सुमारें ५० किलो वजनाची असून तिची बैठक जमिनीपासून जेमतेम पावणेदोन फूट उंच आहे. तिच्याहून थोर अशी ११० सी. सी. ची गाडी सुमारें ७७ किलोंची. या दोहोंसहि हाताचा क्लच नाहीं. पायानें गियर बदलला कीं क्लच आपोआप सुटतो व धरतो.

वस्तुतः ह्या गाड्या लहान मुलांकरितां. मग मोठीं माणसें व्हीली शिकण्यास ह्याच कां घेतात? उत्तर सोपें आहे. बैठक ठेंगणी असल्यामुळें गाडी मागें उलटूं लागलीच, तर स्वार हँडल सोडून दोन्ही पायांवर मागच्या मागें उभा राहूं शकतो, आणि गाडी एकटीच पुढें जाऊन पडते. मोठ्या गाडीवर ही सोय नाहीं. तेथें चूक झाली तर दीड-दोनशें किलोंचें धूड अंगावर येण्याची भीति असते.

आतां चाक उचलतें कसें, हें पाहूं. गाडी व स्वार या उभयतांच्या वजनाचा एक मध्य असतो, त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. इंजिनानें नेट दिला कीं मागचें चाक जमिनीला मागें रेटतें व जमीन त्याला पुढें रेटते. हा रेटा लागतो जमिनीशीं, आणि गुरुत्वमध्य असतो त्याहून बराच वर. म्हणून रेटा मिळतांच गाडीचें तोंड वर उचलूं पाहतें. उलटपक्षीं वजन तें तोंड खालीं दाबीत असतें. गुरुत्वमध्य जितका उंच, आणि मागच्या चाकाच्या जितका जवळ, तितक्या थोड्या जोरांत पुढचें चाक उठतें. लहान गाडीचीं दोन्ही चाकें एकमेकांच्या जवळ असतात. मोठा मनुष्य तिच्यावर मागें सरकून बसला कीं गुरुत्वमध्य आपसूकच मागें येतो. म्हणूनच एवढ्याशा इंजिनाचें बळहि या कामीं पुरेसें होतें.

चाक उठतां उठतां एक जागा अशी येते कीं गुरुत्वमध्य मागचें चाक जेथें जमिनीस टेकलें आहे त्याच्या बरोबर माथ्यावर येतो. तळहातावर काठी उभी धरावी, तशी ती अवस्था होय. तेथें पोंचल्यावर रेसची फारशी गरज उरत नाहीं. त्याच्या अलीकडे असतांना चाक खालीं येऊं पाहतें, पलीकडे जातांच गाडी स्वारासह मागें कोसळूं पाहते. या पलीकडच्या संकटावर गाडींत एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे मागचा ब्रेक. उजव्या पायानें तो दाबला कीं जमिनीच्या रेट्याची दिशा उलटते, व उचललेलें तोंड मुकाट्यानें खालीं येतें. रेस देण्याची मूठ हातांत, ती चढविणारी. ब्रेकची पट्टी पायाखालीं, ती उतरविणारी. सगळी विद्या या दोहोंत आहे, आणि सगळा प्रश्न यांपैकीं आधीं कोणती शिकावी हा आहे.

गतवर्षीं आम्ही कांहीं महिने कॅलिफोर्नियांत पुतण्याकडे राहिलों होतों. त्या प्रांतांत अशा गाड्यांस मनमानेल तेथें फिरूं देत नाहींत. हॉलिस्टर गांवाजवळ तर सरकारनें डोंगराळ जमीन ह्याच कामासाठीं राखून ठेविली आहे. पुतण्याची १७ वर्षांची कन्या, म्हणजे आमची नात, एका ओळखीच्या गृहस्थाच्या गवताळ रानांत दर रविवारीं व्हीली शिकण्यास जात असे. हें कळतांच आमच्या सौभाग्यवतींनीं देव पाण्यांत घातले. आम्ही मात्र छत्री घेऊन शिकवणी पाहण्यास गेलों. कारण कोणीहि कांहींहि शिकवीत असला कीं तेथें जाऊन बसण्याची आमची जुनी खोड आहे.

शिकविणारे गृहस्थ मितभाषी होते. पहिल्या दिवशीं त्यांनीं पुढचें चाक बोटभरसुद्धां उचलूं दिलें नाहीं. बंद शिरस्त्राण, हातमोजे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, आणि छाती, कोपर व गुडघे यांवर ढाली, असा सर्व वेष चढविल्यावर मुलीनें सावकाश गाडी चालवावी, गुरुजींनीं टाळी वाजवावी, आणि टाळीसरशीं तिनें उजव्या पायानें मागचा ब्रेक दाबावा. असें किती वेळां झालें हें आम्हीं मोजलें नाहीं, पण टाळी व पाय यांमध्यें विचाराला जागा उरली नाहीं तेव्हांच तो पाठ संपला. दुसऱ्या रविवारीं चाक वीतभर उचलावयाचें, आणि उचलतांच ब्रेक लावून खालीं आणावयाचें. जागा किंचित् चढाची निवडलेली. कारण चढावर चाक लवकर उठतें व वेग बेतांत राहतो. तिसऱ्या रविवारीं वीतभराचें हातभर झालें.

उचलण्याची रीत अशी. बैठकीच्या मागच्या अंगास सरकून बसावें, दंड सरळ ठेवावे, उजवा पाय ब्रेकवर तयार असावा. हाताचा क्लच नसल्यामुळें गियरचा लिव्हर डाव्या पायानें हलवून क्षणभर तसाच धरावा. त्यामुळें क्लच सुटून राहतो. तेवढ्यांत थोडी रेस द्यावी, आणि अंग मागें घेत पाय सोडावा. क्लच एकदम धरतो, आणि गाडी हिसक्यासरशीं तोंड उचलते. हँडल बळेंच ओढूं नये. ओढण्यानें गाडी तिरपी मात्र होते. दृष्टि चाकाकडे न ठेवितां दूर ठेवावी. मग रेस किंचित् वाढवीत, किंचित् सोडीत, व ब्रेकला अंगठा लावीत तोल सांभाळावयाचा. हा हिसका वारंवार दिल्यानें क्लच झिजतो, आणि तोंड फार वेळ वर राहिल्यास इंजिनांतील तेल एका बाजूस जाऊन वंगण कमी पडूं शकतें. म्हणून शिकण्याच्या गाडीचें तेल वेळच्या वेळीं पाहावें लागतें.

त्याच सुमारास नातीचा १९ वर्षांचा आतेभाऊ पाहुणा आला. अंगानें धट्टाकट्टा, मनानें उत्साही. ब्रेकचा पाठ त्याला पोरकट वाटला. पहिल्याच फेरींत त्यानें सपाटून रेस दिली. चाक छातीपर्यंत आलें, आणि पुढें काय करावयाचें हें पायास ठाऊक नसल्यामुळें तो भीतीनें हँडलला अधिकच घट्ट बिलगला. घट्ट धरतांना मूठ वळली, मूठ वळतांच रेस आणखी वाढली. गाडी उताणी, हा खालीं! ढाली होत्या म्हणून मनगट मुरगळण्यावर निभावलें. आम्हांस नवल याचें वाटलें कीं त्याच्या अंगीं बळ अधिक होतें, धैर्यहि अधिक होतें. मुलीपाशीं फक्त एक गोष्ट अधिक होती: आरंभिलेलें कृत्य आवरावें कसें, हें तिच्या पायास आधीं कळलें होतें.

आमच्या संस्कृत वाचकांस येथें एक जुनी गोष्ट आठवेल. भारतीय युद्धाच्या अखेरीस अश्वत्थाम्यानें ब्रह्मास्त्र सोडलें, त्याच्या निवारणार्थ अर्जुनानेंहि सोडलें. ऋषि मध्यें पडले, तेव्हां अर्जुनानें आपलें अस्त्र परत घेतलें. अश्वत्थाम्याला तें जमलें नाहीं, आणि त्याचा परिणाम उत्तरेच्या उदरांतील गर्भास भोगावा लागला. दोघेहि एकाच द्रोणाचार्यांचे शिष्य. अस्त्र परत घेण्यास 'उपसंहार' म्हणतात. आपण हा शब्द आतां ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणास लावितों, त्यामुळें तो शेवटीं शिकावयाचा असें वाटूं लागतें. कालिदासानें रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत अजाला संमोहन अस्त्र मिळाल्याचें सांगतांना त्याच्या प्रयोगाचा मंत्र निराळा व संहाराचा निराळा, असा मुद्दाम उल्लेख केला आहे. येथें संहार म्हणजे नाश नव्हे, आवरणें. ज्यानें एकच मंत्र घेतला त्यानें अर्धेंच अस्त्र घेतलें, आणि हें अर्धें अस्त्र शत्रूपेक्षां स्वतःच्या कुळाला अधिक घातक.

हा संयम साधल्यावर मनुष्य किती दूर जाऊं शकतो, याचींहि उदाहरणें आहेत. अमेरिकेंत डग डोमोकोस नांवाचा स्वार 'व्हीलीचा राजा' म्हणून प्रसिद्ध होता. १९८४ सालीं अलाबामा संस्थानांतील टॅलाडेगाच्या शर्यतमार्गावर तो १४५ मैल एका चाकावर गेला. जपानांत यासुयुकी कुदो यानें ५ मे १९९१ रोजीं त्सुकुबा येथील मोटार-संशोधनसंस्थेच्या चांचणी-मार्गावर न थांबतां ३३१ किलोमीटर अंतर कापलें. म्हणजे मुंबईहून निघून पुणें मागें टाकावें आणि त्यापुढेंहि तितकेंच जावें, आणि तेवढ्या वेळांत पुढचें चाक एकदांहि टेकूं नये! हें काम आडदांडपणाचें नव्हे. लक्षांत घ्यावें कीं दोघांनींहि हें केलें तें बंद मार्गावर, रहदारींत नव्हे.

आतां आपल्या घरांविषयीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेचा सल्ला असा आहे कीं १६ वर्षांखालील मुलांनीं रस्त्याबाहेरच्या मोटार-गाड्या चालवूंच नयेत. तो सल्ला आम्हांस मान्य आहे. गाडी लहान म्हणून मूल कितीहि लहान चालेल, असा अर्थ कोणीं काढूं नये. आपल्या देशांत रस्त्यावर व्हीली करणें म्हणजे धोकादायक रीतीनें वाहन चालविणें होय, व त्यास कायद्यांत कैदेचीहि शिक्षा आहे. शिवाय २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत घातलेल्या १९९-अ कलमान्वयें अल्पवयीन मुलानें रस्त्यावर गुन्हा केल्यास पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांकरितां रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. 'आमच्या नकळत झालें' हें पालकांस सिद्ध करून दाखवावें लागतें. मोठ्या कुटुंबांत किल्ली खुंटीवर लटकत असते, ती काकांची, दादांची कीं आजोबांची, हें मुलगा पाहत नाहीं. पण न्यायाधीश पाहतो.

म्हणून आमचें सांगणें दोन वाक्यांचें आहे. जागा, वय, शिकविणारा आणि अंगावरच्या ढाली या चारांपैकीं एकहि गोष्ट नसेल, तर स्पष्ट नकार द्यावा, आणि त्याचें कारण मुलास समजेल अशा शब्दांत, त्याला शेजारीं बसवून सांगावें. चारहि असतील, तर मात्र भीतीपोटीं आडवें न येतां एखाद्या रविवारीं स्वतः जाऊन बांधावर बसावें.

तेथें बसल्यावर चाक किती उंच उठलें हें पाहूं नये. मुलगा उत्साहानें धांवत येऊन, "आजोबा, पाहिलंत का किती वर गेलं?" असें विचारील. त्यास शाबासकी जरूर द्यावी, आणि मग म्हणावें, "पाहिलं हो बाळ. आतां एकदां टाळी वाजवितों, खालीं कसें आणतोस तें दाखव."