चार तासांचे अंतर, दिवसभराची वाट

अंतर कोसांत मोजावे की दिवसांत? पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून पैठणला वीस दिवस आणि तेथून पुढे तेरला दहा दिवस लागतात, अशी नोंद आहे. त्या काळच्या व्यापाऱ्याला कोसांशी कर्तव्य नव्हते; माल किती दिवसांत बंदराला लागेल, एवढेच त्याला हवे होते. पैठणच्या शेजारी वसलेल्या छत्रपती संभाजीनगरने आज हाच हिशेब मांडून पाहावा.

येथून बँकॉक सरळ रेषेत सुमारे २,८०० किलोमीटर आहे. थेट विमान असेल, तर जेमतेम चार तासांचा प्रवास. प्रत्यक्षात मात्र पूर्वेस जाणाऱ्याने आधी पावणेतीनशे किलोमीटर पश्चिमेस मुंबई गाठायची, तेथे ताटकळायचे आणि तेवढेच अंतर पुन्हा कापत पूर्वेकडे निघायचे. चार तासांच्या वाटेवर सारा दिवस खर्ची पडतो. अजिंठ्याच्या ओढीने थायलंडहून येणाऱ्या उपासकालाही हाच वळसा पडतो.

अडचण धावपट्टीची नाही; बँकॉकला जाणाऱ्या एअरबस ३२० जातीची विमाने चिकलठाण्यावर उतरतात. अडचण परवानगीचीही म्हणता येत नाही. वाजपेयी सरकारने २००३ मध्ये आग्नेय आशियाई देशांच्या विमान कंपन्यांना भारतातील १८ पर्यटनस्थळे खुली करण्याची तयारी दर्शविली. त्या यादीत गया होती, वाराणसी होती आणि तेव्हाचे औरंगाबादही होते. गयेला हिवाळ्याच्या यात्राकाळात बँकॉकहून थेट विमाने येऊ लागली. संभाजीनगर मात्र यादीतच राहिले!

असे का व्हावे? गयेला यात्रेकरू संघटितपणे येतात. त्यांचे मठ, निवास, मार्गदर्शक ठरलेले असतात. विमान कंपनीला भरलेली आसने दिसतात. याउलट कुशीनगरला २० ऑक्टोबर २०२१ रोजी कोलंबोहून पहिले विमान थाटात उतरले, पण नियमित परदेशी सेवा तेथे रुजली नाही. केवळ विमानतळ बांधून विमाने येत नसतात, हा त्याचा धडा.

म्हणून मागणी बारमाही सेवेची नको. हिवाळ्यात आठवड्यातून एका विमानाची हवी, आणि तीही गयेच्या यात्रेला अजिंठा-वेरूळ जोडून. त्यासाठी बोधगयेतील थाई विहारांशी बोलणी कोण करणार? सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याचा रस्ता सदैव सुस्थितीत कोण राखणार? अजिंठा सोमवारी, तर वेरूळ मंगळवारी बंद असते. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला ही साधी गोष्ट आधी कोण सांगणार? ही कामे दिल्लीची नव्हेत, या शहराची आहेत. मार्गदर्शक, हॉटेलवाला, पैठणी आणि हिमरू विणणारा कारागीर यांची रोजीरोटी त्यांत गुंतलेली आहे.

अजिंठ्याची कीर्ती कोणतेही विमान नसताना समुद्रापार पोहोचली. ती ऐकून निघालेल्या पाहुण्याची वाट सोपी करणे, एवढेच आता या शहराकडे उरले आहे.