शाळा पहावी घरी काढून

‘घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून’ असं आपले पूर्वज सांगून गेले. पूर्वज शहाणे होते. दोन्ही एकाच वर्षी करून पहा, असं ते म्हणाले नाहीत. आणि ‘शाळा पहावी घरी काढून’ हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. आमच्या चिरंजीवांना आणि सूनबाईंना मात्र ते गेल्या दिवाळीत, फराळ करता करता आलं. वाड्याची दुरुस्ती आणि नातीची शाळा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच मुहूर्तावर काढल्या. मी चकलीचा तुकडा तोंडात असल्यामुळे वेळेवर हरकत घेऊ शकलो नाही. घरातले बहुतेक मोठे निर्णय माझं तोंड भरलेलं असतानाच झालेले आहेत.

आमचा वाडा जुन्या नाशकातला. सागवानी खांब, कडीपाटाचं छत, मधोमध चौक आणि भिंतीवर १९६९ च्या पुराची रेघ. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात आणि मग, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवतात. हल्ली मात्र पाणी गोदेकडून न येता वरून येऊ लागलं होतं. गल्लीतले शहाणे लोक म्हणाले, “कशाला जीव काढता? बिल्डरला देऊन टाका, फ्लॅट घ्या.” त्यावर चिरंजीव छाती काढून म्हणाले, “घर गळतं म्हणून सोडून जायचं नसतं, ते दुरुस्त करायचं असतं.” हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी तर डायरीत लिहून ठेवलं आहे.

दोघांचंही काम संगणकावरचं, म्हणजे ते पुण्यात बसून करा नाहीतर आमच्या माजघरात. तेव्हा पुण्याची शाळा सोडवून नऊ वर्षांच्या नातीला त्यांनी इथं आणलं. दुसऱ्या शाळेत घालायचं नाही, घरीच शिकवायचं. “शाळेत मुलांचा चरक होतो,” सूनबाई म्हणाल्या. “आणि जूनमध्येच वर्ष सुरू करायची गुलामी तरी कशाला? आपलं वर्ष देवदिवाळीला सुरू होईल.”

झालं. भिंतीवर वर्षाचा तक्ता लागला. छत्तीस आठवडे, सात विषय, सात रंग. गणिताला निळा, भाषेला हिरवा, ‘मुक्त अन्वेषण’ नावाच्या प्रकाराला जांभळा. मुक्त अन्वेषण म्हणजे काय, असं मी विचारलं, तेव्हा “आबा, तुम्ही दुपारी जे करता तेच, फक्त जागेपणी,” असं उत्तर मिळालं. क्षेत्रभेटीच्या रकान्यात पांडवलेणी होती, सार्वजनिक वाचनालय होतं आणि एका रविवारी ‘आजोबांच्या आठवणी’ असंही लिहिलं होतं. लेण्यांच्या मागोमाग माझा नंबर पाहून मी काय समजायचं ते समजलो.

तक्ता पंचवीस नोव्हेंबरला लागला आणि सव्वीसला मिस्त्री आले. ज्या भिंतीवर तक्ता होता, ती ओल धरलेली निघाली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी तिला सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या भिंतीला सिमेंट चोपडलं की आतली ओल बाहेर पडू शकत नाही. भिंत आतल्या आत कुजते. हे मिस्त्रींनी सांगितलं आणि लगेच घाव घातला. तक्ता माजघरात गेला. तिथं वाळवी निघाली. माडीवर गेला, माडीची कौलं उतरवली. शाळेनं महिन्याभरात पाच वेळा स्थलांतर केलं. शेवटी ती देवघरात भरू लागली आणि घंटा तयारच असल्यामुळे तेवढा एक खर्च वाचला.

मिस्त्रींचं वेळापत्रक एकाच वाक्याचं होतं : “दोन दिवसांत होतं.” छत्तीस आठवड्यांचा रंगीत तक्ता आणि हे वाक्य यांची गाठ पडली, की कोण जिंकतं ते सांगायला नको. भाषेच्या तासाला करवत चालू असे आणि गणिताच्या तासाला आमच्या सौ. मिस्त्रींचा हिशेब तपासत. गणित त्यातल्या त्यात नातीला आवडू लागलं, कारण त्यात भांडण होतं. मार्चमध्ये अवकाळी आली. द्राक्षवाल्यांच्या पोटात गोळा, आणि आमच्या माडीवर गारा. त्या आठवड्याला ‘जलचक्र’ हा विषय होता. आमच्या नाशकात १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. त्या दिवशी ती आमच्या घरी इतकी आली, की बादल्या पुरल्या नाहीत.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. घरात वाद सुरू झाला तो वेगळ्याच कारणानं.

मी एकदा सहज म्हणालो, “पोरीला शाळेत घाला रे.” तर चिरंजीवांनी इतिहासच काढला. “आबा, रमाबाई रानडे कुठल्या शाळेत गेल्या होत्या? तुमच्याच निफाडात जन्मलेल्या माधवरावांनी त्यांना घरी शिकवलं. पंडिता रमाबाईंना आईनं शिकवलं. सावित्रीबाईंना जोतीरावांनी. लक्ष्मीबाई टिळक तर इथल्या जलालपूरच्या. त्यांनाही नवऱ्यानंच अक्षरओळख करून दिली. यांचं काही अडलं?”

मुलगा शिकला की बापाची पंचाईत होते ती अशी. पण शिकवायला मीच पाठवला होता (शाळेत!), त्यामुळे उत्तरही माझ्याकडे होतं. मी म्हणालो, “बाबा रे, या बायका घरी शिकल्या, कारण शाळेचं दार त्यांना उघडं नव्हतं. आणि शिकल्यावर त्यांनी काय केलं ते पहा. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं. घरी शिकण्याचं सुख ज्यांना पुरेपूर ठाऊक होतं, त्यांनी मिळालेली पहिली ताकद शाळा काढण्यात घातली. घरीच शिकणं एवढं थोर असतं, तर त्यांनी शेणगोळे झेलले कशाला?”

चिरंजीव म्हणाले, “तो काळ वेगळा होता.” वादात हरणारा माणूस नेहमी काळावर ढकलतो. आणि दुसरा मुद्दा पुढं आला : “आबा, जीवन हीच खरी शाळा. ही बघा सुतारकाम बघते, चुना कसा भिजवतात ते बघते. पुस्तकात हे आहे का?”

आता ज्या मुलीवरून माझं डोकं फिरलं, तिच्याविषयी सांगतो.

आमच्याकडे बिगारीला पेठ तालुक्यातलं एक जोडपं होतं. भात निघालं की ही माणसं दिवाळीनंतर नाशकात येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांची मुलगी आमच्या नातीच्याच वयाची. ती दिवसभर चौकातल्या वाळूच्या ढिगावर, कडेवर धाकटा भाऊ. ही पोर काय काय जाणत होती म्हणून सांगू! एक ब्रास वाळू म्हणजे शंभर घनफूट, हे तिला ठाऊक. एका इंचात आठ सूत, हे ठाऊक. मिस्त्रींना काटकोन हवा असला, की ती दोरीचं टोक धरून उभी राही आणि तीन, चार, पाच असे फूट मोजून कोपरा जुळवी. आमच्या तक्त्यात ते प्रमेय आणखी तीन वर्षांनी यायचं होतं. पायथागोरस आमच्या ओसरीवर फ्रॉक घालून उभा होता आणि त्याच्या कडेवरचं पोर रडत होतं.

जीवन हीच शाळा म्हणता ना? मग ही त्या शाळेची पूर्ण वेळ विद्यार्थिनी. एकही खाडा नाही, रविवारचीही सुट्टी नाही. आणि या हुशार मुलीला सिमेंटच्या गोणीवरचं नाव वाचायला पाच मिनिटं लागत. अक्षर अक्षर जुळवून ओळीच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात हरवलेली असे. गावच्या शाळेच्या हजेरीत तिचं नाव होतं. जून ते दिवाळी शिकायचं, दिवाळी ते जून विसरायचं, हा तिचा वर्षाचा तक्ता. त्याला रंग नव्हते.

एक दिवस पालिकेच्या शाळेतल्या एक बाई शाळाबाह्य मुलांची पाहणी करत आल्या. दोघी मुली ढिगावरच होत्या.

“तू शाळेत जातेस?” बाईंनी आमच्या नातीला विचारलं.

“नाही!” नात अभिमानानं म्हणाली.

“आणि ही?”

“ही पण नाही.”

बाईंनी दोन नावं लिहिली. सूनबाई आतून धावत आल्या. “अहो, माझ्या मुलीचं तसं नाही. तिची घरशाळा आहे.”

“म्हणजे शाळेत नाव नाही?”

“नाव नाही, पण नियोजन आहे.”

बाईंनी कागद खाली-वर पाहिला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, “नियोजनाचा रकाना नाही हो यात.”

त्या बाईंना मी मनातल्या मनात महावस्त्र दिलं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य सांगितलं आहे. घरशाळेचं नावही नाही. त्याच कायद्यानं बिगाऱ्याच्या मुलीला वर्षात कधीही, वयाचा दाखला नसला तरी, वयाप्रमाणे वर्गात बसवून घ्यावं लागतं. म्हणजे कायद्याच्या कागदावर दोघी सारख्याच. कागद बाजूला ठेवला, की मात्र गंमत पहा. एक मुलगी शाळेत गेली नाही, तर तो प्रयोग. दुसरी गेली नाही, तर ती गळती. आमच्या नातीला पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवतील, तोवर शिकवण्या लावतील, संगणक घेऊन देतील. तिचं काही बिघडणार नाही. बिघडणार आहे ते शाळेचं.

हेच मी त्या रात्री डायरी उघडून चिरंजीवांना ऐकवलं. “घर गळतं म्हणून सोडून जायचं नसतं, असं कोण म्हणालं होतं? शाळा गळतात हे मलाही मान्य आहे. घोकंपट्टी आहे, दप्तराचं ओझं आहे, वर्गात साठ पोरं आहेत. एखाद्या मुलाला शाळा खरोखरच सोसत नाही. आजार असतो, छळ असतो. त्याला आईबापांनी घरी घेतलं तर मी त्यांना नमस्कार करीन. तुमच्या पोरीला काय झालं होतं? काही नाही. तुम्हाला गळकं छप्पर दिसलं, तुमच्याकडे छत्री होती, तुम्ही निघालात. पालकसभेत उभं राहून बोलता येणारी, अर्ज लिहिता येणारी माणसं निघून गेली, की आत राहतात ती छत्री नसलेली. मग कौलं कोण परतणार?”

चिरंजीव गप्प बसले. सूनबाई म्हणाल्या, “आबा, तुम्ही तुमच्या वेळी किती पालकसभांना गेला होता?”

खरं उत्तर ‘एकाही नाही’ असं होतं. त्या सभांना सौ. जायच्या. मी दुपारच्या मुक्त अन्वेषणाची वेळ झाल्याचं सांगून उठलो. रात्रीचे साडेदहा वाजले होते.

पण गोष्ट तिथं थांबली नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाई त्या मुलीच्या आईबरोबर गल्लीतल्या पालिकेच्या शाळेत गेल्या. नाव लागायला दोन खेपा पडल्या, पण लागलं. धाकट्या भावाचं काय, हा प्रश्न निघाला. त्याला सकाळी अकरा ते पाच मी सांभाळतो. तो माझ्यापेक्षा कमी झोपतो, एवढीच तक्रार. संध्याकाळी मुलगी येते आणि दिवसभरातलं सगळं आमच्या नातीला सांगते : कोण कोणाशी भांडलं, कोणाचा डबा कोणी खाल्ला, बाई कशा ओरडल्या. नात तोंड उघडं टाकून ऐकते. तक्त्यातल्या सातही रंगांत भांडणाला आणि डब्याला रकाना नव्हता, हे तिच्या लक्षात आलेलं दिसतं. परवा तिनं आईला विचारलं, “माझ्या वर्गात मी एकटीच का?”

सूनबाईंनी उत्तर दिलं नाही. पण तक्त्यावर जून महिन्यासमोर पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय. चष्मा लावून पाहिलं : ‘शाळाप्रवेश?’ प्रश्नचिन्ह मोठं आहे. असू दे. पेन्सिलीचं आहे.

ती मुलगी मात्र जूनमध्ये इथं नसेल. पावसाच्या आधी तिचे आईबाप गावी परततील आणि पुढल्या दिवाळीनंतर कुठल्या वाड्यावर, कुठल्या ढिगावर असतील कोण जाणे. सूनबाईंनी इथल्या शाळेकडून तिचा कागद करून घेतला आहे, म्हणजे जाईल तिथं दाखवता येईल. तो कागद तिची आई पैशांच्या पिशवीत ठेवते.

छप्पर झालं. एकच ठिकाण अजून ठिबकतंय, नेमकं माझ्या खाटेवर. मिस्त्री म्हणतात, “दोन दिवसांत होतं.” मी खाट सरकवलेली नाही.