कुत्र्याच्या गळ्यांतील पट्टा आणि कुंपणांतील वीज

जमिनींत पुरलेल्या तारेच्या योगानें कुत्र्यास अंगणाबाहेर जाऊं न देणारें एक विजेचें कुंपण परदेशांत मिळतें. तें आपल्या आखाड्यावर बसवावें कीं न बसवावें, अशी पृच्छा अलीकडे आमच्या वाचकांकडून होऊं लागली आहे. ज्यांचीं मुलें पुण्यामुंबईस अथवा अमेरिकेंत नोकरीस आहेत अशा घरांतून ती विशेष येते. प्रश्न वरकरणीं हौसेचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत आमच्या जिल्ह्यांतील एक फार गंभीर गोष्ट दडलेली असल्यामुळें त्याचा थोड्या विस्तारानें विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम हें यंत्र आहे तरी काय तें पाहूं. अमेरिकेंत रिचर्ड पेक नांवाच्या गृहस्थांनीं १९७३ सालीं याचें पेटंट मिळविलें. घरांत एक लहानशी पेटी असते. तिच्यांतून निघालेली आवरण असलेली बारीक तार अंगणाभोवतीं चार-सहा बोटें खोल पुरीत नेऊन पुन्हा त्याच पेटींत आणून जोडतात, म्हणजे वेढा पुरा होतो. या तारेंतून अति क्षीण असा रेडिओ-लहरींचा संकेत फिरत असतो. कुत्र्याच्या गळ्यांत जो पट्टा बांधावयाचा, त्यांत हा संकेत ओळखणारें लहान यंत्र व बॅटरी असते. कुत्रें सीमेजवळ आलें कीं पट्टा प्रथम वाजतो. तरीही तें पुढें सरलें तर पट्ट्याच्या दोन धातूच्या खुंट्यांतून त्याच्या मानेस झटका बसतो. कुत्र्यास हें समजावें म्हणून सीमेवर लहान निशाणें रोवून, दोरीनें धरून, दोनेक आठवडे रोज शिकवावें लागतें.

येथें एक गोष्ट वाचकांनीं पक्की ध्यानांत धरावी. झटका देणारी वीज जमिनींतल्या तारेंत नाहीं. ती पट्ट्यांतल्या बॅटरींत आहे. पुरलेल्या तारेस माणसानें उघड्या हातानें स्पर्श केला तरी त्यास कांहीं होत नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगत आहों, कारण ‘जमिनीखालून करंटची तार’ एवढेंच अर्धवट ऐकून कोणी हौशी गडी पंपाच्या पेटींतून तार काढून अंगणांत पुरूं लागला, तर पहिल्या पावसांतच त्या अंगणांत प्रेत पडेल.

आतां कुत्र्यास आवरण्याची गरज आहे काय? आहे, आणि ती दिवसेंदिवस वाढत आहे. माघ-फाल्गुनांत शिजविलेली हळद खळ्यावर दहा-पंधरा दिवस वाळत पडते. तिच्यावरून कुत्रीं फिरलीं, त्यांनीं घाण केली, तर तो माल हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारांत कोणत्या तोंडानें न्यावा? अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा महामार्ग रुंद झाल्यापासून वाहनांचा वेग इतका वाढला आहे कीं, रस्त्याकडेच्या आखाड्यावरचें कुत्रें म्हातारें होऊन मेलें असें क्वचितच ऐकूं येतें. मोकाट फिरणारें कुत्रें धनगराच्या कोकरास धरतें, शेजाऱ्याच्या शेळीमागें लागतें व पिढ्यान् पिढ्यांचा शेजार तुटतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याचें भय तर आहेच.

परंतु ज्या कारणासाठीं आज आमचा शेतकरी रात्रीं कुत्रें बांधून ठेवूं लागला आहे, तें याहून वेगळें आहे. तें कारण म्हणजे शेजारच्या शेताची तार. त्याकडे आम्ही पुढें वळूंच. आधीं यंत्राचा निकाल लावूं.

आमच्या मतें हें यंत्र येथील काळ्या जमिनीस मानवणारें नाहीं. पूर्णा व कयाधू या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आक्रसते. चैत्र-वैशाखांत तिला हात जाईल अशा भेगा पडतात. चार-सहा बोटें खोल पुरलेली बारीक तार त्या ताणांत टिकणें कठीण, आणि वेढा एके ठिकाणीं तुटला कीं सगळें कुंपणच नाहींसें होतें. एक एकराच्या चौरस जागेभोवतीं तार घालावयाची म्हटली तर ती सुमारे २५५ मीटर लागते. एवढ्या लांबींत तुटलेली जागा शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधण्यासारखेंच. शिवाय रोटाव्हेटर आहे, पाइपलाइनसाठीं चर खणणारें यंत्र आहे, उंदीर-घुशी आहेत, आणि मृगाच्या आधीं कडाडणाऱ्या विजा आहेत. वीज जवळपास कोसळली तर असा लांबलचक वेढा तिचा धक्का सरळ घरांतल्या पेटीपर्यंत आणतो. पेटी घरच्या विजेवर चालते. ती वीज रात्रींतून किती वेळां जाते हें वाचकांस सांगावयास नको.

कुत्र्याच्या बाजूनेंही थोडें बोलावयास हवें. आखाड्यावरचें कुत्रें हें कांहीं दिवाणखान्यांतलें खेळणें नव्हे. रानडुकरांचा कळप बांधावर आला म्हणजे तें जिवाच्या आकांतानें धांवतें. त्या आवेशांत मानेवरचा झटका तें जुमानीत नाहीं. मग कळप पळाल्यावर, आवेश ओसरल्यावर, त्याच झटक्याच्या भयानें तें परत घरांत यावयास धजत नाहीं. म्हणजे ज्या रात्रीं कुत्रें घरापाशीं हवें, नेमकें त्याच रात्रीं यंत्र त्यास घराबाहेर ठेवतें! उलट, बाहेरच्या कुत्र्याच्या गळ्यांत पट्टा नसतो. तें खुशाल आंत येतें. डुक्कर आंत येतें, चोर आंत येतो. पट्टा घट्ट व बराच वेळ राहिला तर खुंट्यांखालीं मानेस जखमा होतात आणि आपल्याकडील दमट पावसाळ्यांत त्यांत अळ्या पडावयास वेळ लागत नाहीं. ब्रिटनमधील वेल्स प्रांतानें तर २०१० सालीं असे झटक्याचे पट्टे, कुंपणाचे पट्टे धरून, कायद्यानेंच बंद केले. पूर्वी ओढाळ जनावराच्या गळ्यांत लांकडाचें लोढणें अडकवीत. तें निदान डोळ्यांस दिसे, व किती जड झालें तें धन्यास कळे.

नर्सी हें गांव आमच्याच जिल्ह्यांतलें. भाकर पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवलेल्या नामदेवांची आख्यायिका तेथल्या पोरांसही ठाऊक असते. त्या मुलखांत कुत्र्यास काय वागणूक द्यावी हें आम्ही निराळें सांगत नाहीं.

आतां तारेकडे. पेरणी होतांच काळवीट व रोही सोयाबीनचे कोंभ खातात. शेंग भरली, हरभरा घाट्यास आला, मका दुधांत आला कीं रानडुकरें एका रात्रींत चार-सहा गुंठे लोळवून टाकतात. बियाणें, खत, मजुरी यांवर घातलेला पैसा असा मातींत गेलेला पाहून शेतकऱ्याचें डोकें फिरतें, यांत नवल नाहीं. वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते हें खरें. परंतु अर्ज, पंचनामा, कागदपत्रें व फेऱ्या यांचा हिशेब केला तर ती कित्येकांस मागावीशीही वाटत नाहीं. हें गाऱ्हाणें रास्त आहे आणि तें आम्ही वेळोवेळीं मांडीत राहूं. पण यावर कांहीं शेतकरी जो उपाय करतात, तो ऐकून अंगावर कांटा येतो. बांधावर लोखंडी तार ताणावयाची आणि रात्रीं तींत खांबावरची अथवा मोटारीच्या पेटींतली २३० व्होल्टची वीज सोडावयाची.

असें करणारा म्हणतो, रात्रीं अकरास सोडतों व पहांटे काढतों, मध्यें तेथें येतो कोण? येणारा कोण तें आम्ही सांगतों. शेतीची वीज पाळीनें मिळते व पाळी रात्रीची असली म्हणजे शेजारचा शेतकरी, त्याचा मुलगा, त्याचा सालगडी अंधारांत, ओल्या पायांनीं, पाणी मोडावयास याच बांधावरून जातो. दावें तोडून सुटलेला बैल येतो. मेंढ्या बसविलेला धनगर येतो. पहांटे तार काढावयास विसरलेल्या धन्याची स्वतःची बायको वैरणीस येते. आणि या सर्वांच्या आधीं येतें तें कुत्रें, कारण त्यास वास लागतो व तें सगळ्यांत पुढें धांवतें. अशा तारांस चिकटून माणसें मेल्याच्या बातम्या मराठवाड्यांत व विदर्भांत हंगामागून हंगाम येत असतात. कुत्र्यांची गणती तर कोणी करीतच नाहीं. ज्या घरचें कुत्रें असें मेलें, त्या घरास दुसरें कुत्रें जमिनींत पुरलेल्या तारेनें वांचवावेंसें वाटलें तर त्यास आम्ही हंसणार नाहीं. पण एका विजेपासून वांचण्यासाठीं दुसरी वीज विकत घेण्यापेक्षां पहिली वीज बंद पाडणें हें अधिक शहाणपणाचें नव्हे काय?

फ्यूज आहे, तो जळेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती साफ खोटी आहे. साठ वॉटच्या जुन्या दिव्यांतून सुमारे पाव अँपिअर प्रवाह जातो. त्याच्या आठव्या हिश्श्याइतका प्रवाह छातींतून कांहीं क्षण वाहिला तरी प्राणावर बेततें. एवढ्याशा प्रवाहानें फ्यूज तापतसुद्धां नाहीं. शिवाय ही वीज अखंड वाहणारी असल्यामुळें स्नायू आंखडतात, तार हातांत घट्ट आवळली जाते व ती सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं.

ज्यास ‘झटका मशीन’ म्हणतात त्याची गोष्ट निराळी आहे. तें सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतें. त्याच्या तारेंत कित्येक हजार व्होल्टचा दाब असतो हें ऐकून लोक दचकतात, व २३० व्होल्ट त्यांस सौम्य वाटतात! पण मारतो तो नुसता दाब नव्हे. प्रवाह किती व किती वेळ वाहिला यावर सारें आहे. या यंत्राचा झटका सेकंदाच्या अत्यल्प भागापुरता असतो, दोन झटक्यांत निदान एका सेकंदाचें अंतर राहतें व तेवढ्यांत हात सुटतो. भारतीय मानक ३०२, भाग २, विभाग ७६ हें अशा यंत्रांसाठीं आहे. घेतांना पावतीवर व यंत्रावर तें पाहून घ्यावें. एका झटक्यांतील ऊर्जा पांच ज्यूलपेक्षां अधिक नसावी. भूमिजोड नीट खोल हवी, तारेखालचें गवत श्रावण-भाद्रपदांत वरचेवर कापलें पाहिजे, नाहींतर सारा झटका गवतांतून जमिनींत मुरतो. आणि वाटेच्या बाजूस दिसेल अशी धोक्याची पाटी हवीच. वनालगतच्या निवडलेल्या गांवांस डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेंतून सौर कुंपणासाठीं अनुदान मिळतें; आपलें गांव त्यांत बसतें कीं नाहीं, हें वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कचेरींत विचारावें.

कायद्याचें भय घालून सुधारणा होते असें आम्ही मानीत नाहीं. तरी माहिती असावी. आंकडा टाकून वीज घेतल्यास २००३ च्या विद्युत् अधिनियमाच्या १३५ व्या कलमान्वयें तीन वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. निष्काळजीपणानें माणूस मेल्यास १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखालीं पांच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तारेनें मरण येईल हें जाणूनच ती सोडली असें ठरल्यास सदोष मनुष्यवधाचें १०५ वें कलम लागूं शकतें. काळवीट, रोही व रानडुक्कर यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचें संरक्षण आहे तें वेगळेंच. एवढें होऊन मेलेल्या शेजाऱ्याच्या घरावरून रोज जावें लागतें तें लागतेंच. म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक गांवीं खरिपाच्या पेरणीपूर्वीं ग्रामसभेंत हा विषय निघावा, कोणाच्या बांधावर कोणती तार आहे तें उघड सांगितलें जावें, आणि चार-सहा शेजाऱ्यांनीं मिळून एकच झटका-कुंपण घालावें. खर्च वांटला जातो व आपापसांतल्या बांधांवर तारच राहत नाहीं.

राहतां राहिलें कुत्रें. त्यास रात्रीं घरापाशीं ठेवण्यास यंत्र नको. नर असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याचें खच्चीकरण करून घ्यावें. त्याचें भटकणें पुष्कळ कमी होतें. तीन महिन्यांचें पिल्लूं झालें कीं पिसाळण्याविरुद्धची लस व पुढें दरसाल एकदां, यांत कसूर नसावी. दिवेलागणीस ठराविक वेळीं, ठराविक जागीं पोटभर भाकर मिळत असेल तर कुत्रें त्या वेळीं आपण होऊन हजर राहतें. आमच्याकडील पुष्कळ कुत्रीं भटकतात तीं केवळ उपाशी म्हणून. अंगणाभोवतीं चिल्हार किंवा सागरगोटा लावला तर दोन-तीन पावसाळ्यांत कुत्र्यालाच काय, डुकरालाही शिरतां येणार नाहीं असें कुंपण तयार होतें. तोंवर बाभळीच्या फांद्या आहेतच.

आणि बांधावयाचेंच तर एका खुंटास आखूड दाव्यानें बांधूं नये. त्यानें कुत्रें चिडकें होतें. गोठ्यापासून घरापर्यंत, माणसाच्या डोक्यावरून जाईल इतक्या उंचीवर, एक जाड तार दोन खांबांमध्यें ताणावी, तींत एक लोखंडी कडी ओंवावी व कडीस सांखळी जोडावी. सांखळी इतकीच लांब असावी कीं कुत्र्यास स्वस्थ बसतां-निजतां यावें. मग तें रात्रभर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालतें, भुंकतें व गोठा आणि घर दोन्ही राखतें. सांखळी सांवलीच्या व पाण्याच्या भांड्यापर्यंत पोंचेल असें पाहावें, आणि तारेच्या दोन्ही टोकांस खांबापासून दोन हात अलीकडे एकेक गांठ मारून ठेवावी, म्हणजे कडी तेथेंच अडते व सांखळी खांबाभोवतीं गुंडाळली जात नाहीं.