निवांत किनारा आणि आपली पाण्याची भीती



गेल्या खेपेला या सदरात एस.टी.च्या सवलतींविषयी लिहिले होते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास, हे सगळे त्यात आले होते. त्यावर एका भगिनीने विचारले, "भाऊ, सवलत तर कळली, पण जायचे कुठे? लग्नाला, मयताला आणि दवाखान्याला सोडून आम्ही कधी एस.टी.त बसलो नाही." प्रश्न माझ्या मनाला लागला, कारण आमच्या घरचीही तीच गत. नागपूरची दीक्षाभूमी झाली, चैत्यभूमी झाली, महाडही झाले. पण नुसते आनंदासाठी, चार दिवस घरची सगळी मिळून कुठे गेलो, असे माझ्या सत्तेचाळीस वर्षांत घडले नव्हते. सहल म्हणजे पैशाची उधळण, असेच आपल्या डोक्यात बसलेले आहे. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणला गेलो, त्याची हकीकत आज सांगतो.

निमित्त थोरल्या लेकीचे. तिने मोबाईलवर वेस्ट इंडीजच्या बेटांचे चित्रण पाहिले. आपल्या पिढीला वेस्ट इंडीज म्हटले की रेडिओवरचे क्रिकेट आठवते. तिला मात्र तिथला काचेसारखा निळा समुद्र दिसला आणि तोंडात नळी, डोळ्यांवर चष्मा लावून माशांच्या वर तरंगणारी माणसे दिसली. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. "पप्पा, आपल्याकडे असं कुठं करता येतं?" भूममध्ये बसून हा प्रश्न! बाणगंगेला पाणी आले तरी आपण पुलावर बघायला जातो, अशी आपली अवस्था. पण चौकशी केली तेव्हा कळले की वेस्ट इंडीजला जायचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातच मालवणला हे होते आणि तिथवर एस.टी.ने जाता येते.

भूमहून बार्शी, तिथून पुढे कोल्हापूर आणि कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून कणकवली, मालवण. मध्ये एक मुक्काम टाकला तर म्हाताऱ्या माणसालाही झेपते. आमच्यात माझी आई, पत्नी, दोन मुली आणि मी. आईला तिकीट नाही, तिघींना अर्धे, पूर्ण तिकीट एकट्या माझे. कंडक्टर हसून म्हणाला, "साहेब, तुम्हीच तेवढे महाग पडलात." शिदोरीला भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटेत कोणी दिले-घेतले तर असावे म्हणून आपल्या भूमच्या खव्याचे पेढे.

मालवणात उतरल्यावर खोली शोधली. तिथे घराघरांतून राहण्या-जेवणाची सोय करतात. एका घरी सगळे ठरले, आणि मग गृहस्थांनी गाव विचारले, आडनाव विचारले आणि "थांबा, ती खोली कुणीतरी आधीच सांगून ठेवली आहे वाटते," असे म्हणाले. कारण तेच असेल किंवा नसेलही. खोली खरोखर कुणाला दिलेली असू शकते. पण आडनाव ऐकल्यावर माणसाचा आवाज बदलतो तो आपल्याला ओळखू येतो. मुलींनाही आला. दोन गल्ल्या पलीकडे एका बाईंनी काहीही न विचारता कुलूप उघडले, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि बांगडा खाता का एवढेच विचारले. पेढे त्या घरी गेले.

आता मुद्द्याचे. निवांत किनारा पाहिजे, असे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. तारकर्लीला गर्दी असते, तर थोडे आडबाजूला जाऊ. तोंडवळी-तळाशीलची पट्टी आहे, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे सुरूची झाडे. कर्ली नदीच्या मुखापलीकडे भोगवे आहे, त्याच्या खाली निवती. हे किनारे खरेच सुंदर आहेत आणि आडवारी तर माणूस दिसत नाही. आम्ही तळाशीलला गेलो. वाळूवर आमचीच पावले होती. मुली पाण्याकडे पळाल्या, तेव्हा जाळे शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने हाक मारली आणि जे सांगितले ते मी तुम्हालाही सांगतो. माणूस नसलेला किनारा निवांत वाटतो, पण तिथे ओढ कुठे आहे हे सांगायला कोणी नसते आणि बुडताना हाक ऐकायलाही कोणी नसते. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ विद्यार्थी बुडून गेले. शिकली-सवरलेली पोरे होती. समुद्राची ओढ म्हणजे आत परत जाणाऱ्या पाण्याचा अरुंद पाट असतो. वरून तो उलट शांत दिसतो, कारण तिथे लाट फुटत नाही. आपल्यासारखे मराठवाड्यातले लोक नेमके तिथेच उतरतात. सापडलाच कोणी त्यात, तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये, दम संपतो. तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि मग बाहेर यावे.

तेव्हा निवांत माणसे नकोत, निवांत पाणी हवे. ते मिळते मालवण बंदरासमोर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत. तिथे पाण्याखाली खडक आहेत, खडकावर प्रवाळ आहे आणि प्रवाळाच्या आधाराने मासे राहतात. १९८७ साली सरकारने इथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्याला स्थानिक मच्छीमारांनी मोठा विरोध केला, आणि तो मला चुकीचा वाटत नाही. पोट ज्याचे त्याला न विचारता कागदावर रेघ मारली की असेच होते. मी स्वतः कारकून आहे, कागदावरच्या रेघा मारण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून सांगतो. पण आज त्याच मच्छीमारांची तरुण मुले पर्यटकांना पाण्याखालचे जग दाखवून चार पैसे मिळवतात, हेही तितकेच खरे.

पाणी स्वच्छ कधी असते याचा हिशेब आहे. वेस्ट इंडीजच्या पुष्कळ बेटांना मोठ्या नद्या नाहीत, म्हणून तिथे बारमाही स्वच्छ दिसते. आपल्याकडे सह्याद्रीवरून नद्या माती घेऊन उतरतात. पावसाळ्यात तर किल्ल्याच्या होड्याही बंद असतात, आणि पुढेही काही दिवस पाणी गढूळ राहते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ, त्यातही सकाळची वेळ, वारा उठायच्या आधी. खाडीच्या तोंडापाशी गाळ जास्त, म्हणून देवबागचा संगम होडीतून बघायला चांगला, पण पाण्याखाली बघायला किल्ल्याकडचे खडकच बरे.

आणि भरती-ओहोटी. आपण मुहूर्तासाठी पंचांग पाहात नाही, पाहूही नये. पण समुद्राला जाताना तिथी जरूर पाहावी. चंद्र काही भटजीच्या मालकीचा नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी जोरात चढते, जोरात उतरते आणि वाळू ढवळते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची ये-जा मंद असते. कोकणातली माणसे तिथीची पाऊणपट करतात, की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा मुंबईकडचा अंदाज आहे, मालवणात थोडा फरक पडतो, तेव्हा होडीवाल्याला विचारून पक्के करावे. बी.कॉम. झाल्यापासून इतके उपयोगाचे त्रैराशिक मला पहिल्यांदा भेटले. आम्ही अष्टमी गाठूनच गेलो होतो.

होडीत बसण्यापूर्वी मी दोन गोष्टी मोजल्या, माणसे किती आणि तरंगण्याची जाकिटे किती. वाचकांनी याची लाज बाळगू नये. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पाण्याखालची सफर करून परतणारी वीस पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. जाकीट नुसते अंगात अडकवून भागत नाही, पट्टे आवळून घ्यावे लागतात. पोरांना मोठ्यांचे जाकीट देऊ नये, ते वर सरकून निघून जाते. दर माणशी किती, वेळ किती, फोटोचे वेगळे किती, हे होडीत बसण्याआधी बोलून घ्यावे, कारण मध्यावर गेल्यावर घासाघीस होत नाही.

पाठीवर टाकी बांधून खोल जातात ते स्कुबा. ते वेगळे, त्याला प्रशिक्षित माणूस लागतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर तो लपवू नये. स्नॉर्केलिंगमध्ये आपण वरच तरंगतो, तोंड तेवढे पाण्यात. पोहता येत नसले तरी जाकीट घालून, रबरी टायरला धरून, वाटाड्याचा हात धरून करता येते. चष्मा नाकासकट बसतो, श्वास तोंडातल्या नळीने घ्यायचा. चष्मा नीट बसतो का पाहायचे तर पट्टा न लावता तो तोंडावर दाबावा आणि नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडला तरी चिकटून राहिला तर आपल्या मापाचा. कडेखाली केस अडकला तर पाणी शिरते. माझ्या मिशीने दोनदा पाणी शिरले आणि पोरींची करमणूक झाली. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात. नळीत पाणी आले तर जोरात फुंकर मारायची. अंगात बाह्यांचा सदरा असावा, नाहीतर पाठ भाजून निघते. खडकावर कालवे असतात, ती सुरीसारखी कापतात, म्हणून पायात काहीतरी असू द्यावे. बायकांनी साडी नेसून उतरू नये, ओली साडी पायात गुंडाळते.

आम्ही उतरलो तेव्हा पहिली दोन मिनिटे नुसती धडधड. पाण्यात तोंड घातल्यावर श्वास घ्यायचा, हे शरीराला पटतच नाही. मग एकदम शांत झाले. खाली पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा, खडकाला टोचणारे हिरवे-निळे पोपटमासे, मेंदूसारख्या घड्यांचे प्रवाळ. हे प्रवाळ दगड नव्हे, बारीक जिवांची वसाहत आहे, आणि ती फार सावकाश वाढते. हात लावला, पाय ठेवला, नांगर टाकला की मोडते. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याचा तुकडा आणणे हा वाघ मारण्याच्या रांगेतला गुन्हा. काही होडीवाले मासे जमावेत म्हणून पाव टाकतात. आमच्या वाटाड्याला आम्ही नको म्हटले, मासे तरीही आले.

पत्नी होडीतच बसली होती. "मला नाही जमायचं." तिच्या माहेरीही आणि आमच्याकडेही पोहणे कुणालाच येत नाही. हे काही आळसाने नव्हे. गावात पोरे पाठीला डबा बांधून विहिरीत शिकायची, पण ती विहीर आपल्यासाठी नव्हतीच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तरी आमच्या गावच्या विहिरीपर्यंत ती गोष्ट पोचायला बरीच वर्षे लागली. घागर कडेला ठेवायची आणि वरून कोणी ओतील त्याची वाट पाहायची, असे आईने लहानपणी केले आहे. जिथे शिवायलाच मनाई तिथे पोहायला कोण शिकणार? आणि मग ती भीती आईकडून लेकीकडे जाते.

थोरलीने वर येऊन आईचा हात धरला. होडीवाला म्हणाला, "भियां नको." ती उतरली, टायर घट्ट धरून. एकदा तोंड घातले, लगेच बाहेर. दुसऱ्यांदा घातले ते बराच वेळ वर काढलेच नाही. मी घाबरून खांद्याला हात लावला, तर तिने हात झटकला.

दुपारी आईला किल्ल्यात नेले. १६६४ साली शिवरायांनी पायाभरणी केलेला हा किल्ला, चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. बहात्तरच्या दुष्काळात पाझर तलावाची माती वाहिलेली माझी आई, तिला समुद्राचे नवल नव्हते. "एवढं पाणी अन् पिता येईना," म्हणून तिने तो निकालात काढला होता. पण विहिरीपाशी ती थांबली. वाकून पाणी पाहिले आणि मला हळूच विचारले, "हितलं कुणीबी भरतं का रं?" भरतात, म्हटले. ती तिथेच काठावर बराच वेळ बसून राहिली, होडीची वेळ झाली तरी उठेना.

परत आल्यावर पाहुण्यांच्या शेतातल्या विहिरीचे विचारून ठेवले आहे. एप्रिलपर्यंत पाणी टिकले तर धाकटीला डबा बांधून उतरवायचे ठरले. परवा भाकरी थापता थापता पत्नीने विचारले, डबे दोन मिळतील का.