यादीत नाव आहे का?

गेल्या रविवारी आमची धाकटी रडत स्वयंपाकघरात आली. "अम्मी, भाईजानच्या गेममध्ये माझं नावच नाही!"

मोठा नववीत आहे. सुट्टीत रोब्लॉक्सवर स्वतःचा गेम बनवतो. पहिली लेव्हल पार करणाऱ्यालाच त्यातलं दार उघडतं. धाकटीला मात्र दारावर पाटी दिसली, 'तुझं नाव यादीत नाही.' "मी स्वतः तिचं नाव घातलंय, अम्मी," मोठा कळवळून सांगत होता. मी गॅस बारीक केला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.

हे गेम लुआऊ भाषेत लिहितात. ती लुआ या भाषेवरून तयार झाली. लुआ 1993 मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात जन्मली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चांद. तिच्यात माहिती ठेवायची जागा म्हणजे टेबल, आपला हजेरीपटच म्हणा ना. एका रकान्यात नाव, ती 'की'. दुसऱ्यात नोंद, ती 'व्हॅल्यू'.

मुलाने लेव्हल पार केलेल्यांपुढे 'ट्रू' आणि बाकीच्यांपुढे 'फॉल्स' लिहिलं होतं. नावच नसेल तर टेबल 'निल' देतं, म्हणजे काहीच नाही. गोम इथेच होती. नुसतं 'इफ' लावून विचारलं, तर फॉल्स आणि निल दोन्हींचा अर्थ 'नाही' असाच होतो.

मी विचारलं, "बेटा, गैरहजर मुलगी आणि पटावर नाव नसलेली मुलगी, दोघी सारख्याच का?"

तो हसला. आता गेम आधी विचारतो, नोंद निल आहे का? असेल तरच 'नाव नाही'. फॉल्स असेल तर 'आधी पहिली लेव्हल पार कर'.

तुमच्या घरीही कोणी गेम बनवत असेल, तर आणखी एक सांगते. यादी नुसत्या नावांची असेल, तर लुआऊमध्ये 'टेबल डॉट फाइंड' वापरावं. नाव सापडलं तर त्याचा क्रमांक मिळतो, नाहीतर निल. मोजणी 1 पासून सुरू होते. पण ते वरून खाली एकेक नाव तपासत जातं. यादी मोठी असेल आणि पुन्हा पुन्हा विचारायचं असेल, तर नावालाच 'की' करावं. उत्तर थेट मिळतं.

पोरं स्क्रीनसमोर दिसली की आपण 'बंद कर ते' म्हणतो. एकदा शेजारी बसून 'काय अडलंय?' असंही विचारून पाहा. धाकटी त्या संध्याकाळी तीनदा हरली, पण रडली नाही. तिचं नाव यादीत होतं.