आकाशातून पडला, खड्ड्यात अडकला

आम्हा बुलढाण्याच्या माणसांना खड्ड्यांचं काय कौतुक! आमचं लोणारचं विवर पावणेदोन-एक किलोमीटर रुंद, आणि तेही थेट आकाशातून आलेल्या पाहुण्याने पाडलेलं. पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच एका आकाशातल्या पाहुण्याबद्दल. स्पीलबर्गच्या 'ई.टी.'बद्दल.

जून 1982 मध्ये हा चित्रपट आला आणि लहानथोर सगळ्यांनी तो डोक्यावर घेतला. लगेच अटारी कंपनीने त्यावर व्हिडिओ गेम काढायचं ठरवलं. हक्कांची बोलणी जुलै संपत आला तेव्हा आटोपली आणि खेळ तर नाताळच्या बाजारात हवा! एरवी अशा कामाला सहा-सात महिने सहज लागत. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या प्रोग्रामरला मिळाले सुमारे पाच आठवडे.

खेळ वेळेत झाला. त्यात ई.टी.ने घरी फोन करायचा म्हणून फोनचे तीन तुकडे शोधायचे, आणि ते बहुतेक खड्ड्यांत. बिचारा वर यायचा की पुन्हा धप्पकन आत! मुलं कंटाळली, दुकानांतून माल परत येऊ लागला. 1983 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी अटारीने न खपलेला माल चक्क कचरा-डेपोत पुरला. लोकांना ती दंतकथाच वाटायची. एप्रिल 2014 मध्ये खोदलं तेव्हा काडतुसं खरोखर बाहेर आली, ई.टी.ची आणि इतर खेळांचीही. म्हणजे शेवट पुन्हा खड्ड्यातच.

या गोष्टीवर हसून झालं की माणसं वॉरशॉला नावं ठेवतात. मला ते पटत नाही. 'यार्स रिव्हेंज'सारखा गाजलेला खेळ त्याचाच. आठ किलोबाइटमध्ये एकट्याने पाच आठवड्यांत जे केलं ते करून दाखवावं कुणी! चूक आहे ती खेळाआधी तारीख ठरवणाऱ्यांची. चित्रपटाचं नाव आहे ना, मग मुलं काहीही घेतील, हा त्यांचा हिशोब.

आपल्याकडेही तारखेची घाई काही वेगळी नाही. 26 ऑक्टोबर 2011 ला ऐन दिवाळीत 'रा.वन' आला. त्याच सुमारास मुंबईच्या ट्राइन स्टुडिओने केलेला त्याचा प्लेस्टेशनवरचा खेळही आला. गंमत बघा, चित्रपटातला बाप मुलाला काय आवडतं ते बघून त्याच्यासाठी खेळ तयार करतो. मुलाला खलनायक आवडतो, म्हणून खलनायकच भारी! तो खेळ पडद्यावर किती जिवंत वाटतो. बाजारातल्या खेळाचं मात्र आज कोणी नावही काढत नाही. चित्रपटात मुलाला विचारतात, बाजारात कॅलेंडरला विचारतात.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, खेळच तर आहे. पण छोट्या गावात असा खेळ म्हणजे मुलाने वर्षभर साठवलेले खाऊचे पैसे असतात. आमच्या भाच्याने असाच एक खेळ (नाव नको) मामाला अकोल्याहून आणायला लावला होता. दोन दिवस खेळला. मग गप्पपणे कपाटात ठेवून दिला. रडला नाही, तक्रार नाही. मला तेच जास्त लागलं. मोठ्यांना फसवलं तर ते भांडतात, ग्राहक मंचात जातात. मुलाला वाटतं, आपल्यालाच खेळता येत नाही.

मुलाला चित्रपटातून हवं तरी काय असतं? ती गोष्ट संपू नये, एवढंच. त्यासाठी पैसे लागतातच असं नाही. चित्रपट बघून आल्यावर गल्लीतली पोरं चादर पाठीला बांधून जे खेळतात त्यात नियम रोज बदलतात, मेलेला पुन्हा जिवंत होतो, आणि खड्ड्यात पडलेल्याला दुसरा हात देऊन वर काढतो.

म्हणून मंडळी, आणि विशेषतः हे वाचणारे समस्त काका-मामा, चित्रपटासोबत खेळ आला की लगेच घेऊ नका. दोन-तीन महिने थांबा, ज्यांनी खेळलाय त्या पोरांना विचारा. खेळ चांगला असेल तर तोवर शिळा होत नाही. आणि शिळा झालाच, तर पैसे वाचले म्हणायचं.

असो. तुमच्या घरच्या कपाटात असं काही पडलंय का?